समोरच्या आजोबांची तबकडी आणि ला बाम्बा

रविवारी सकाळी साडेनऊच्या सुमाराला समोरच्या घराचं गॅरेज उघडतं. आजोबा आधी गाडी अंगणात आणतात. १९६४ ची इम्पाला, पिकल्या जांभळाच्या रंगाची. मग बादली, मऊ फडकी आणि फळीवरचा जुना रेकॉर्ड प्लेअर. पहिली तबकडी बहुतेक तीच असते. एक तरुण आवाज ओरडून सगळ्यांना व्हिटियर बुलेव्हार्डवर फेरफटका मारायला बोलावतो, आणि त्याच्या पाठोपाठ ऑर्गन, गिटार, ड्रम असे उधळतात की आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीची काच थरथरते. गाण्यात शब्द जवळजवळ नाहीतच. आरोळ्या आहेत आणि रस्त्याचं नाव आहे.

मी लॉस एंजेलिसच्या पूर्वेला, एल सेरेनो नावाच्या वस्तीत नऊ वर्षं राहते. मूळची कराडची. इथे एका डेंटल लॅबमध्ये दातांच्या कॅप आणि कवळ्या बनवते. वस्तीत आणि कामावरही बहुतेक सगळे मेक्सिकन वंशाचे. आजोबा मला 'मिहा' म्हणतात, म्हणजे 'पोरी'. मी तोंडाने 'सेन्योर' म्हणते, मनात मात्र आजोबाच. पहिली दोन वर्षं मला ती तबकडी म्हणजे म्हाताऱ्या माणसाची तरुणपणची हौस वाटायची. एकदा सहज विचारलं, हेच गाणं एवढं का आवडतं? त्यांनी फडकं पिळलं, बादलीच्या काठावर टाकलं आणि म्हणाले, "या गाण्यावर आम्ही गाड्या फिरवल्या मिहा, आणि त्याच रस्त्यावरून मार खात पळालो."

ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. मग मी चिकानो रॉक, म्हणजे इथल्या मेक्सिकन वंशाच्या लोकांचं रॉक संगीत, ऐकायला लागले, विचारायला लागले, वाचायला लागले. आज त्याबद्दल लिहिते आहे.

आधी 'चिकानो' या शब्दाबद्दल. अमेरिकेतल्या मेक्सिकन घरांत जुन्या पिढीला हा शब्द हलका वाटायचा, शिवीच्या जवळचा. साठच्या दशकात तरुणांनी तो उचलला आणि छातीवर लावला. लॉस एंजेलिस टाइम्सचे पत्रकार रुबेन सालासार यांनी फेब्रुवारी १९७० मध्ये या शब्दावर एक लेख लिहिला. त्यांचं म्हणणं असं की ज्या मेक्सिकन अमेरिकन माणसाच्या मनातली स्वतःची प्रतिमा गोऱ्यांनी घडवलेली नाही, तो चिकानो. सालासार यांचं पुढे काय झालं ते येईलच.

या शब्दाआधी एक मुलगा होऊन गेला होता. रिची व्हॅलेन्स. खरं नाव रिचर्ड व्हॅलेन्झुएला, सान फर्नांडो खोऱ्यातल्या पकोइमाचा. रेकॉर्ड कंपनीवाल्याने नाव कापून आटोपशीर केलं, म्हणजे रेडिओवर ते मेक्सिकन वाटू नये. १९५८ मध्ये त्याची 'डोना' नावाची तबकडी आली आणि तिच्या मागच्या बाजूला होतं 'ला बाम्बा'. हे मेक्सिकोतल्या व्हेराक्रूझ भागातलं जुनं लोकगीत. लग्नात वधूवर त्यावर नाचताना पायांनी रिबिनीची गाठ बांधतात. व्हॅलेन्सला स्पॅनिश धड येत नव्हतं, घरी इंग्रजीच चालायची. तरी त्याने ते स्पॅनिशमध्येच गायलं, इलेक्ट्रिक गिटारवर, रॉकच्या ठेक्यात. ३ फेब्रुवारी १९५९ ला विमान अपघातात तो गेला तेव्हा सतरा वर्षांचा होता.

त्याने कुठला मोर्चा काढला नाही, कुठलं निवेदन दिलं नाही. पण आजोबांचं म्हणणं मला पटतं. ते म्हणतात, शाळेत स्पॅनिश बोललं तर मास्तर लाकडी फळीने मारायचे, आणि त्याच वर्षांत रेडिओवर आमच्यातला एक पोरगा स्पॅनिश गात होता. पहिलीतल्या पोराला तेवढं पुरे होतं.

शाळेचा तो राग मार्च १९६८ मध्ये बाहेर पडला. पूर्व लॉस एंजेलिसच्या हायस्कुलांतली मुलं वर्ग सोडून रस्त्यावर आली. सुरुवात १ मार्चला विल्सन हायस्कूलमधून झाली, निमित्त होतं मुलांचं एक नाटक प्राचार्यांनी रद्द केल्याचं. मग गारफिल्ड, रुझवेल्ट, लिंकन, बेल्मॉंट. काही दिवसांत दहा हजारांच्या वर मुलं. मागण्या वाचल्या की घशात आवंढा येतो, इतक्या साध्या. आमचा इतिहास शिकवा, आमच्यातले शिक्षक नेमा, शिक्षा म्हणून झाडलोट करायला लावू नका, कुलूप घातलेली स्वच्छतागृहं उघडा. लिंकनमधले शिक्षक साल कास्त्रो मुलांच्या पाठीशी उभे राहिले. त्यांच्यासह तेरा जणांवर कटाचा खटला भरला गेला, तो पुढे १९७० मध्ये न्यायालयात टिकला नाही.

आजोबाही त्या वर्षी शाळेतून बाहेर पडलेल्यांपैकी. कुठली शाळा ते लिहीत नाही. ते सांगतात की त्या मुलामुलींची ओळख एकमेकांशी झाली होती ती नाचाच्या कार्यक्रमांत. चर्चचे हॉल, शाळांची व्यायामशाळा, कामगार संघटनांचे हॉल, सगळीकडे शनिवार-रविवारी बँड वाजायचे. गारफिल्डचा मुलगा आणि रुझवेल्टची मुलगी एरवी भेटायचं कारण नव्हतं, दोन्ही शाळांचं हाडवैर. नाचाला सगळे एकत्र. कुठल्या शाळेतून कोण किती वाजता बाहेर पडणार हे निरोप ज्या ओळखींतून गेले, त्यातल्या कितीतरी तिथल्या होत्या.

हे ऐकलं तेव्हा माझ्या डोक्यातलं एक गणित बदललं. माझ्या वडिलांकडे शाहिरीच्या कॅसेट होत्या. त्या ऐकत वाढल्यामुळे चळवळीचं गाणं म्हटलं की मी शब्द शोधते. काय मागितलं, कोणाला आव्हान दिलं. चिकानो रॉकमध्ये मी तसे शब्द शोधत होते आणि सुरुवातीच्या गाण्यांत ते सापडत नव्हते. 'दी मिडनाइटर्स' हा तेव्हाचा वस्तीतला सगळ्यांत लाडका बँड. १९६५ चं ते 'व्हिटियर बुलेव्हार्ड' त्यांचंच. पुढे त्यांनी 'चिकानो पॉवर' नावाचंही गाणं केलं, त्यातही बहुतेक वाद्यंच आणि मधे ती दोन शब्दांची आरोळी. कागदावर बघायला गेलं तर काहीच नाही. पण ते कोणासाठी वाजलं, कुठे वाजलं, ऐकायला शेजारी कोण उभं होतं, ते बघितलं की सगळं दिसतं. आपल्या वस्तीतल्या एका रस्त्याचं नाव गाण्यात येणं, ही ज्यांच्या रस्त्याचं नाव कधीच कुठे आलं नव्हतं त्यांच्यासाठी केवढी गोष्ट असेल!

आता तो रस्ता. २९ ऑगस्ट १९७०. व्हिएतनाम युद्धात मेक्सिकन अमेरिकन मुलं लोकसंख्येच्या मानाने फार जास्त मरत होती, म्हणून 'चिकानो मोरेटोरियम' नावाने मोर्चा निघाला. वीस ते तीस हजार माणसं व्हिटियर बुलेव्हार्डवरून चालत लगूना पार्कमध्ये पोचली. आजोबा तेव्हा एकोणीस वर्षांचे, थोरला भाऊ व्हिएतनाममध्ये. त्यांची आई घरून बुरितो बांधून घेऊन आली होती. गवतावर सतरंज्या, लहान पोरं, मंचावर गाणं आणि नाच. जवळच्या दारूच्या दुकानात काही गडबड झाल्याचं निमित्त झालं आणि शेरीफचे शिपाई दंडुके घेऊन बागेत शिरले. अश्रुधूर. आजोबा आईचा हात धरून त्याच रस्त्याने उलटे पळाले. आईची एक चप्पल राहिली. "चप्पल राहिली" हे सांगताना दर वेळी ते स्वतःच्या पायाकडे बघतात.

त्या दुपारी रुबेन सालासार वार्तांकन करून सिल्व्हर डॉलर नावाच्या बारमध्ये बसले होते. शेरीफच्या शिपायाने आत झाडलेलं अश्रुधुराचं नळकांडं त्यांच्या डोक्याला लागलं आणि ते जागीच गेले. त्या दिवशीच्या घटनांत आणखी दोघांचा जीव गेला. कोणावरही खटला चालला नाही. लगूना पार्कला आता सालासार यांचं नाव आहे.

दर २९ ऑगस्टला आजोबा गाडी धुतात, पण बाहेर काढत नाहीत आणि तबकडीही लावत नाहीत.

'ला बाम्बा'कडे परत येते, कारण या गाण्याला दुसरा जन्म मिळाला तो मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. १९६५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेलानोला द्राक्षमळ्यांतल्या मजुरांचा संप सुरू झाला. आधी फिलिपिनो मजूर उतरले, लॅरी इटलिआँग त्यांचे पुढारी. आठवडाभरात सीझर चावेझ आणि डोलोरेस वेर्ता यांची मेक्सिकन मजुरांची संघटना सोबत आली. त्या संपात लुईस वाल्देझ नावाच्या पंचविशीतल्या तरुणाने मजुरांनाच घेऊन नाटकमंडळी उभी केली. शेताच्या बांधाला ट्रक लावायचा, त्याचा उघडा हौदा म्हणजे रंगमंच. गळ्यात पाटी अडकवली की हा मालक, हा मुकादम, हा संपफोड्या. आपल्या लोकनाट्याची ज्यांना सवय आहे त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. वाल्देझ स्वतः डेलानोचेच, मजुराच्या घरातले.

बावीस वर्षांनी, १९८७ मध्ये, याच वाल्देझ यांनी रिची व्हॅलेन्सच्या आयुष्यावर चित्रपट केला. त्यातली गाणी वाजवली 'लोस लोबोस' या पूर्व लॉस एंजेलिसच्या बँडने. त्यांच्यातले डेव्हिड हिडाल्गो आणि लुई पेरेझ गारफिल्ड हायस्कूलमधले मित्र. १९७३ मध्ये रॉक बाजूला ठेवून आईवडिलांच्या जुन्या मेक्सिकन तबकड्या ऐकून ऐकून ते वाद्यं शिकले, लग्नांत आणि परसातल्या जेवणावळींत वाजवलं, आणि १९७६ मध्ये शेतमजूर संघटनेच्या मदतीसाठी निघालेल्या तबकडीवरही वाजवलं. त्यांचं 'ला बाम्बा' अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. पूर्ण स्पॅनिश गाणं तिथे पोचण्याची ही पहिलीच वेळ. आता तारीख बघा. नोव्हेंबर १९८६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी इंग्रजी हीच राज्याची अधिकृत भाषा ठरवणारा 'प्रस्ताव ६३' मोठ्या बहुमताने मंजूर केला होता. त्यानंतर वर्षही झालं नव्हतं. ऑगस्ट १९८७ मध्ये त्याच राज्यातल्या प्रत्येक गाडीच्या रेडिओवर स्पॅनिश. माझ्या कामावरची एक बाई तेव्हा आठ वर्षांची होती. ती सांगते, वर्गातली गोरी मुलं तिच्याकडे यायची आणि विचारायची, या ओळीचा अर्थ काय गं?

'लोस लोबोस'चं माझं आवडतं गाणं मात्र वेगळं आहे. १९८४ च्या त्यांच्या संग्रहात एक संथ गाणं आहे. पहाटेची वेळ, नवरा कामाच्या शोधात सरहद्दीपलीकडे निघाला आहे, झोपलेलं बाळ उठू नये म्हणून बायकोशी हळू आवाजात बोलतो आहे. थोड्या दिवसांचा प्रश्न आहे, मग बोलावून घेईन. एवढंच. ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वडिलांच्या कॅसेटवरची अण्णाभाऊ साठे यांची 'माझी मैना गावावर राहिली' आठवली. पोटासाठी मुंबईला आलेला गडी आणि गावात राहिलेली त्याची मैना. अण्णाभाऊंची छक्कड पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याला जाऊन भिडते. इथे नवरा दारातून बाहेर पडतो आणि गाणं तिथेच राहतं. मला दोन्ही चळवळीचीच गाणी वाटतात. वाढप्याला, माळ्याला, टोमॅटो तोडणाऱ्याला कोणीतरी पहाटे निरोप दिलेला असतो, हे ऐकणाऱ्याला एकदा कळलं की त्याला 'बेकायदा' हा शब्द सहज उच्चारता येत नाही.

मधल्या काळातल्या पंकबद्दल, म्हणजे रॉकच्या त्या वेगवान, खरखरीत प्रकाराबद्दल, थोडक्यात लिहिते, कारण तो माझ्या कानाला अजून सरावला नाही. पण एक जागा सांगायलाच हवी. १९८० मध्ये पूर्व लॉस एंजेलिसमध्ये 'सेल्फ हेल्प ग्राफिक्स' या छापचित्रांच्या केंद्रात 'द व्हेक्स' नावाचा अड्डा सुरू झाला. ते केंद्र चालवायच्या कॅरन बोकालेरो, एक फ्रान्सिस्कन नन. ननच्या हॉलमध्ये पंक! हॉलिवूडचे क्लब पूर्वेकडच्या बँडना सहसा दारात उभं करत नव्हते, म्हणून हा खटाटोप. 'लोस इलिगल्स' या बँडने तर नावच 'बेकायदा' घेतलं. त्यांच्यातले विली हेरोन आधीपासून वस्तीतल्या भिंतींवर मोठी चित्रं काढायचे.

मग आलं १९९४. त्या वर्षाच्या पहिल्याच दिवशी मेक्सिकोच्या चियापास राज्यात झापातिस्तांचा, म्हणजे तिथल्या मूळनिवासी शेतकऱ्यांच्या संघटनेचा, उठाव झाला, आणि नोव्हेंबरमध्ये कॅलिफोर्नियात प्रस्ताव १८७ मंजूर झाला. कागदपत्रं नसलेल्या मुलांना सरकारी शाळा नाही, तशा आजाऱ्याला तातडीच्या उपचारापलीकडे सरकारी दवाखाना नाही. न्यायालयाने तो पुढे अडवला. पण जखम झाली ती झालीच, आणि तिच्यातून एक अख्खी पिढी वाजवत बाहेर आली. झॅक दे ला रोचा यांचे वडील बेटो हे चिकानो चित्रकारांच्या 'लोस फोर' गटातले. मुलाने 'रेज अगेन्स्ट द मशीन' या बँडमधून झापातिस्तांचं नाव जगभर नेलं. त्या बँडवर मराठीतही बरंच बोललं जातं, म्हणून मी 'केत्साल' या बँडकडे वळते. १९९७ मध्ये लॉस एंजेलिसचे चिकानो कलावंत चियापासमधल्या ओवेन्तिक गावी झापातिस्तांना भेटायला गेले, त्यात हे होते. परतल्यावर त्यांनी व्हेराक्रूझच्या 'सोन हारोचो'ला, म्हणजे ज्या परंपरेतून 'ला बाम्बा' आलं तिलाच, घट्ट धरलं. मार्था गोन्सालेस गातात आणि गाता गाता लाकडी चौथऱ्यावर टाचांनी ताल धरतात. २०१३ मध्ये त्यांच्या संग्रहाला ग्रॅमी मिळालं. इथले लोक मात्र ग्रॅमीपेक्षा त्यांनी गावोगाव घेतलेल्या शिबिरांबद्दल जास्त बोलतात. त्यांचा एक आवडता शब्द आहे, 'कॉन्विविएन्सिया'. एकत्र असणं, एकत्र वेळ घालवणं.

त्याच वाटेने मी हाराना, म्हणजे सोन हारोचोतलं गिटारसारखं छोटं तारवाद्य, शिकायला लागले. आमच्याच एल सेरेनोत 'ईस्टसाइड कॅफे' नावाची लोकांनी चालवलेली जागा आहे. 'लास काफेतेरास' हा बँड सोन हारोचो शिकला तो तिथे, नावही तिथूनच. त्यांनी 'ला बाम्बा'ची स्वतःची आवृत्ती केली. मूळ गाण्यात गाणारा म्हणतो की मी खलाशी नाही, कप्तान आहे. यांनी त्यात सरहद्दी न मानण्याचं आणि त्या ओलांडण्याचं कडवं घातलं. मला वाटलं होतं, लोकगीत असं बदललं तर जुनी माणसं रागावतील. उलट, परंपराच तशी आहे. ठेका आणि चाल ठरलेली, कडवं ज्याचं त्याने आणायचं.

मी शिकते ते एका घराच्या परसात, दर शनिवारी संध्याकाळी. हाराना हातात घेतली तेव्हा आधी मी तिची पाठ बघितली, कामाची सवय. सांधा कुठेच नाही. देवदारासारख्या वासाच्या एकाच लाकडी ठोकळ्यातून पोट, मान, डोकं सगळं कोरून काढलेलं. आठ तारा, पण जागा पाचच. कडेच्या दोन एकेकट्या, मधल्या तिन्ही जोडीच्या. उजवा हात वरखाली झाडल्यासारखा चालत राहतो, तो थांबवायचा नाही. मधोमध तारिमा, तो लाकडी चौथरा. बाया त्यावर चढून टाचा आपटतात, खालून पोकळ असल्यामुळे ढोलासारखा घुमतो. आणि एक गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती, मी ऐकता ऐकता ओळखली. कोणी कडवं सुरू केलं की नाचणाऱ्यांची पावलं एकदम हलकी होतात, नुसती घासत जातात. शब्द ऐकू यावेत म्हणून. कडवं संपलं की पुन्हा टाचा कडाडतात.

माझ्या आजीच्या घरी जातं होतं. तिच्याकडून ओवी मी थोडीच ऐकली, पण एक पक्कं आठवतं. समोर बसलेली बाई ओवी म्हणायला लागली की आजी खुंट्यावरचा जोर जरा कमी करायची. जातं फिरतच राहायचं, घरघर मात्र खाली यायची.

जून २०२५ मध्ये शहरात इमिग्रेशनच्या धाडी सुरू झाल्या. शनिवारी येणारे निम्मे लोक यायचे बंद झाले. कोपऱ्यावरची तमालेवाली, मक्याच्या पिठाचे वाफवलेले तमाले विकणारी, दिसेना. पहाटे साडेपाचला तिचा निळा कूलबॉक्स आणि वाफेचा वास, नऊ वर्षं रोज. तिची जागा नुसती रिकामी, फुटपाथवर तेलाचा गोल डाग. तिसऱ्या आठवड्यात ठरलं की परसात बसायचं नाही, पुढच्या अंगणात बसायचं, रस्त्यावरून दिसेल असं. समोरून आजोबा काठी टेकत आले. त्यांना सोन हारोचो फारसं येत नाही, ते रॉकवाले. त्यांनी खुर्ची तारिमाच्या कडेला लावली आणि काठीचं टोक लाकडावर ठेवलं.

'ला बाम्बा' सुरू झालं. मी आठवडाभर चार ओळी जुळवल्या होत्या, स्पॅनिशमध्ये, कामावरच्या बाईला दोनदा दाखवून. तमालेवालीबद्दल. तुझा कोपरा आम्ही झाडून ठेवला आहे, एवढंच त्यात होतं. मी पहिली ओळ घेतली आणि तारिमावरच्या पायांचा आवाज खाली आला. दुसऱ्या ओळीत एका शब्दाचं लिंग चुकलं. शेजारची दहा वर्षांची मुलगी माझ्याकडे न बघता बरोबर शब्द म्हणाली. तिचा हात हारानावर तसाच चालू होता, बाकीच्यांचेही. मी पुन्हा पहिल्या ओळीपासून घेतलं.